न्यायला कोणी आलं नाही

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली बाई परत निघायची, तर तिला न्यायला माणूस यावा लागतो. त्याला मुराळी म्हणतात. नवरा येवो, दीर येवो, नाही तर चुलतसासऱ्याचा लंगडा पुतण्या येवो, त्यानं दारात हातपाय धुवावेत, गूळपाणी घ्यावं आणि म्हणावं, "पाठवा आमचं माणूस." मग माहेरानं दोन दिवस आढेवेढे घ्यावेत, साडीचोळी करावी आणि डोळे पुसत पाठवावं. जी बाई आपली आपण पिशवी उचलून एस.टी.त बसली, ती एक तर रुसून गेली, नाही तर हाकलली गेली. तिसरं कारण बोरी नदीकाठच्या त्या गावात कोणाला ठाऊक नव्हतं. अमेरिकेत असेल, पण तानुबाई तिथं साडेतीन वर्षं राहून आली, तरी तिला ते कोणी सांगितलं नव्हतं.

तानुबाईचा एकुलता मुलगा भटू शिकागोला इंजिनिअर होता. कचेरीत त्याला 'बॅट' म्हणत आणि तो रागवत नसे. त्र्याऐंशी साली त्याला मुलगी झाली तेव्हा त्यानं विधवा आईला तिकडे नेलं, कायम राहायचं कार्ड काढून दिलं. सगळे त्याला हिरवं कार्ड म्हणत आणि ते मुळीच हिरवं नव्हतं. तानुबाईला पहिल्याच दिवशी फसल्यासारखं वाटलं. पण मग मांडीवर नात आली. खिडकीबाहेर बर्फ पडायचा, तो कापसासारखा दिसायचा आणि वेचता यायचा नाही. आत मांडीवर ऊब असायची. नाव तिनंच ठेवलं, तापी. भटू आणि सून कुंदा सकाळी कामावर गेले की घरात उरत एक आजी, एक नात आणि अहिराणी. तापीला पहिली भाषा फुटली ती हीच. एकदा दुकानात साडेसहा फुटी शिपाई पाहून ती ओरडली, "ओ माय, कितला मोठा बाप्या शे!" शिपायानं बिचाऱ्यानं टोपी काढली.

सत्त्याऐंशी साली धाकट्या भावाचं, अभिमनचं पत्र आलं. 'अक्का, तीन आखाज्या गयात. झोका सुना शे.' एवढंच. तानुबाईनं ते कुंदाकडून चार वेळा वाचून घेतलं आणि चारही वेळा तिचा पदर डोळ्यांना गेला. भटूनं तिकीट काढलं, जाण्यायेण्याचं, परतीची तारीख मोकळी. "दोन महिने राहा, माय, मग ये," तो म्हणाला. मुंबईच्या विमानतळावर अभिमन नवं धोतर नेसून उभा होता. म्हणजे येणं रीतीनं झालं. तिथवर काहीच चुकलं नव्हतं.

आखाजी झाली. निंबाला झोका बांधला. पन्नाशी उलटलेली तानुबाई पोरींबरोबर झोक्यावर चढली आणि तिचा गळा मोकळा झाला:

आखाजीचा झोका माझा जातो उंच शेंड्यावरी,
तिथून मी बघते गं, कोण येतो बांधावरी.

बांधावर कोणी आलं नाही. जून गेला. बोरीला पाणी येऊन गेलं, वाळू पुन्हा उघडी पडली. कपाशी फुटली, वेचली गेली, गाड्या भरून अमळनेरला गेल्या. कोणी आलं नाही.

फोन मात्र येई. अमळनेरला माणकचंदशेठचं सरकी-ढेपेचं दुकान होतं आणि दुकानात काळा फोन होता. महिन्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी अभिमन बहिणीला एस.टी.नं तिथं घेऊन जाई. फोन वाजला की गिऱ्हाइकं ढेपेचं मोल करायची थांबत आणि अमेरिका ऐकायला कान देत.

"माय, कवय येशी?" भटू विचारी.

"येसू ना रे. तुम्ही म्हनशात तवय."

"तिकीट तुझ्याजवळच आहे ना?"

"शे ना. डब्यामा शे."

मग कुंदा फोनवर येई. ती पुण्याची, बोलणं अदबीचं. "आई, अगदी तुमच्या सोयीनं या हं. आमची काही घाई नाही."

तानुबाई फोन ठेवी आणि परतीच्या एस.टी.त खिडकीकडे तोंड करून बसे. तुमच्या सोयीनं या! नकोशा पाहुण्याला सांगतात तसं. घाई नाही म्हणे.

"सांगी टाका ना त्याले," भावजय कमलबाई भाकरी थापता थापता म्हणे. "म्हना, लेवाले ये. नही ते कोनले धाड."

"मांगीसन आनेल मुराळी काय कामना, कमल?"

हे कमलबाईला पटलं, कारण ती स्वतः लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला माहेरी श्रावणापर्यंत बसून राहिली होती. अभिमन तिला न्यायला आला, पण त्याआधी तिनं अक्षर काढलं नव्हतं. बाईनं मागायचं नसतं. ज्याला हवी असते त्याला आठवतं. हे तिकडे शिकागोत भटूला सांगायला कोणी नव्हतं, आणि तो बोरीकाठचा असूनही विसरला होता. पुरुष ही गोष्ट लवकर विसरतात. त्याला वाटे, आईचं मन माहेरी रमलं आहे, उगाच ओढू नये. आईला वाटे, सुनेचं घर सुटसुटीत झालं आहे, उगाच अडू नये. दोघं एकमेकांवर इतकी माया करत होती की सोळा महिने निघून गेले.

ऑगस्टातल्या फोनवर नेहमीप्रमाणे तापी आली.

"काय करी राहिनी मन्ही माय?" तानुबाईनं विचारलं.

तापी भराभर काहीतरी बोलली. लांबलचक. त्यातलं 'आजी' तेवढं तानुबाईला कळलं.

"काय म्हने ती?" तिनं फोन माणकचंदशेठपुढे धरला. शेठनं ऐकलं. "इंग्रजी बोलते आहे, अक्का. शाळेचं काही सांगते. बालवाडीत घातली असेल."

तानुबाई दुकानातल्या पोत्यावर बसली. तिला इंग्रजीतले पाच शब्द येत होते, आणि त्यातले दोन भाज्यांचे होते. आणखी वर्षभर ही पोर अशीच बोलत राहिली, तर आजी-नातीनं एकमेकींकडे पाहून हसायचं तेवढं उरणार. बस, त्या क्षणी मानपान, मुराळी सगळं तिच्या मनातून उतरलं. "भटू," ती फोनमध्ये ओरडली, "मी येस! आपली आपन येस! उद्याच!"

पलीकडून भटू हळूच म्हणाला, "माय, आता तसं येता येणार नाही. वर्षाच्या वर बाहेर राहिलीस. ते कार्ड आता चालत नाही. मला वाटलं... तुला यायचंच नाही."

घरी येऊन तिनं डब्यातलं कार्ड काढलं. उलटंपालटं करून पाहिलं. "फोटो ते मनाच शे," ती म्हणाली. "चालत का नही?"

भटूनं मग पत्रानं कळवलं. मुंबईला अमेरिकेच्या वकिलातीत जायचं, साहेबाला पटवायचं की परतायचंच होतं, पण आपल्या हाताबाहेरच्या कारणानं राहावं लागलं. पटलं तर परवाना. नाही पटलं तर पहिल्यापासून अर्ज, म्हणजे दीड वर्ष. दीड वर्षात तापी काय काय विसरेल, हे तानुबाईनं बोटांवर मोजायला घेतलं आणि मध्येच सोडलं.

गावानं मात्र कंबर कसली. हाताबाहेरचं कारण? गावात सगळी कारणं हाताबाहेरचीच होती.

"आजार दाखवू," माणकचंदशेठनं सांगितलं. "आजारापुढे कोणताही साहेब नरमतो."

"अक्काले काय व्हयेल शे? म्हैस वढी आनस ती!" कमलबाई म्हणाली.

"कागदावर म्हैस येत नाही, वहिनी."

मग आजार कोणता यावर पारावर दोन दिवस चर्चा झाली. ताईबाई शेजारीण स्वतःचा संधिवात द्यायला तयार होती. कौतिक न्हाव्यानं मूळव्याध सुचवली, तर साहेबापुढे बाईमाणसानं ती कशी सांगायची, असं म्हणून सगळ्यांनी त्यालाच झापलं. शेवटी गावच्या डॉक्टरनं, माहेरवाशिणीचं भलं व्हावं म्हणून, लिहून दिलं की सदर बाई मे सत्त्याऐंशीपासून अंथरुणाला खिळून होत्या.

"माले कवय काय व्हयनं?" तानुबाई चिडली. "खोटं नको."

"खोटं कोठे, अक्का?" अभिमन म्हणाला. "रातले अंथरुनवरच ते जपतीस ना तू."

अभिमन नुसत्या डॉक्टरवर थांबणारा नव्हता. सरकारी काम म्हटलं की कागद जितके जास्त तितकं वजन जास्त, असं त्याचं मत. तो तलाठ्याकडे गेला. तलाठ्याजवळ एकच छापील नमुना होता, तो त्यानं मनापासून भरला. सरपंचानं शिक्का इतका दाबून मारला की मागच्या बाजूनंही वाचता यावा. रेशनकार्डात तानुबाईचं नाव घालून घेतलं होतं, तेही जोडलं. आणि सगळ्यात वर, साहेबाचं मन प्रसन्न व्हावं म्हणून, अभिमननं एक फोटो लावला.

ऑक्टोबरात बहीणभाऊ मुंबईला गेले. अभिमनला फाटकाशीच थांबवलं. तानुबाई चौदा कागदांची चळत छातीशी धरून आत गेली. काचेपलीकडे लाल दाढीचा तरुण साहेब आणि त्याच्या शेजारी चष्मा लावलेली दुभाषी बाई होती, बोलण्यावरून दादरकडची; तिच्यासाठी तानुबाईनं जमेल तशी शहरी मराठी काढली.

साहेबानं चळत उघडली. डॉक्टरचा कागद वाचला. मान हलवली. मग फोटो उचलला. फोटोत निंबाचा झोका आभाळाला लागला होता आणि त्यावर तानुबाई उभी होती, पदर खोचून, तोंड उघडं, दोन्ही पाय हवेत म्हणावेत असे. मागे जळगावच्या फोटोवाल्याचा शिक्का होता, मे सत्त्याऐंशी.

साहेबानं एकदा कागद पाहिला, एकदा फोटो पाहिला. दुभाषी बाईनं खोकला आवरला.

"हा तलाठ्याचा दाखला," ती म्हणाली, "मी साहेबांना वाचून दाखवते." तिनं वाचायला घेतलं आणि वाचता वाचता तिचा आवाज खाली गेला. "सदर तानुबाई या मौजे मजकूर येथील कायमच्या रहिवासी आहेत..." ती थांबली. "आजी, हे कशाला आणलंत हो?"

"काय झालं?"

"तुम्ही अमेरिकेत कायम राहणार होतात, हे दाखवायचं होतं. यात तुमचंच सरकार सांगतंय की तुम्ही गावातच कायम राहता. सहीशिक्क्यानिशी."

तानुबाईनं कपाळाला हात लावला. "बाई, तलाठ्याकडे दुसरा कागदच नाही. कोणी गेलं की तो हाच देतो. आमच्या भटूला विलायतेला जाताना हाच दिला होता, आणि तो गेला ना!"

साहेबानं कागद बाजूला सारले. दुभाषी बाईमार्फत सरळ विचारलं, "खरं सांगा. का नाही परत गेलात?"

तानुबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. अभिमननं घोकून घेतलेलं सगळं तिच्या मनातून गळून गेलं. "न्यायला कोणी आलं नाही," ती म्हणाली.

दुभाषी बाईनं ते सांगितलं. साहेबानं भुवया उंचावल्या. मग ती बाई सांगू लागली आणि थांबेचना. तिचा आवाज चढला, हात हलू लागले, मध्ये 'मुराळी' तीनदा आलं, आणि एकदा तर ती स्वतःच्या छातीवर बोट ठेवून काही म्हणाली. तानुबाईला इंग्रजी कळलं नाही, पण कळलं की दादरच्या या बाईलाही कधीतरी कुठेतरी वाट बघावी लागली होती. साहेबाचं पेन थांबलं.

"मुलगा आठ हजार मैलांवरून तुम्हाला विमानात बसवायला येणार होता?"

"विमानात नाही. दारात."

"तुम्ही त्याला तसं सांगितलंत का?"

तानुबाई काचेजवळ सरकली. "बाबा, तुझं लग्न झालं का?"

दुभाषी बाईनं विचारलं. साहेबानं होय म्हटलं.

"बायको माहेराहून येते तेव्हा आणायला जातोस?"

"विमानतळावर जातो."

"ती सांगते का, ये म्हणून?"

साहेब पेनाकडे बघत राहिला. "एकदा मी गेलो नव्हतो," तो हळूच म्हणाला. दुभाषी बाईनं हे भाषांतर फार आनंदानं केलं.

"मग?" तानुबाईनं विचारलं.

"मग आता न सांगता जातो."

साहेबानं एक जाड पुस्तक उघडलं, बोट फिरवलं. "कायदा म्हणतो, कारण तुमच्या हाताबाहेरचं हवं. मुलगा येईल की नाही, हे तुमच्या हातात होतं?"

"पोटात होता तोवर माझ्या ताब्यात होता," तानुबाई म्हणाली. "पुढचं काही माझ्या हातात नाही."

साहेब हसला, मग लगेच कायद्याचा चेहरा केला. म्हणाला, तुमच्या एकटीच्या सांगण्यावर परवाना देता येणार नाही. मुलानं तिकडे शपथेवर लिहून द्यावं, की आई वाट पाहत होती आणि मी न्यायला गेलो नाही. मग बघू. डॉक्टरचा कागद त्यानं दोन बोटांत धरून परत दिला. "हा घरी ठेवा," तो म्हणाला. "आणि डॉक्टरांना सांगा, झोका फार छान आहे."

पुढच्या रविवारी माणकचंदशेठच्या दुकानात सरकी घ्यायला इतके लोक आले की तेवढी गुरंच तालुक्यात नसतील. अभिमननं भटूला सगळं सांगितलं आणि फोन बहिणीकडे दिला.

"माय," भटू म्हणाला, "एवढंच होतं? तू बोलली का नाहीस?"

"बोलीसन काय? तुले समजाले पाहिजे."

"सोळा महिने मला वाटत होतं, तुला यायचं नाही."

"आनि माले वाटे, तुमले मी नको."

फोनमध्ये नुसती खरखर ऐकू आली. ती शिकागोची की भटूच्या घशातली, हे दुकानात कोणाला ठरवता आलं नाही.

तीन आठवड्यांनी लिफाफा आला. माणकचंदशेठनं चष्मा पुसला, पेढीवर उभं राहून वाचलं आणि मराठी करून सांगितलं. "मी, भटू पाटील, शपथेवर सांगतो की माझी आई न्यायला येण्याची वाट पाहत असताना मी स्वतः गेलो नाही, कोणाला पाठवलं नाही, आणि पाठवावं असं मला सुचलंही नाही. यात तिचा दोष नाही. माझा आहे." खाली मोहोर होती, साक्षीदार होते.

"वा!" कौतिक न्हावी म्हणाला. "पोऱ्यानी चूक कबूल कयी, तीबी सरकारी कागदवर! आपला गावमा कोनी साध्या कागदवरबी कयी नही."

"थांबा, सुनेचंही आहे," शेठ म्हणाला. "मी, कुंदा पाटील, सांगते की 'तुमच्या सोयीनं या' असं मी सासूबाईंना म्हणाले. ते मी चांगल्या मनानं म्हणाले होते. त्याचा अर्थ 'येऊ नका' असा होतो हे मला माहीत नव्हतं. माझं माहेर पुण्याचं आहे."

"गरीब बिचारी," कमलबाई कळवळून म्हणाली.

कागद मुंबईला साहेबाकडे गेले आणि नोव्हेंबराच्या शेवटी परवाना आला. आणि नाताळच्या सुट्टीत, एका दुपारी, अमळनेरहून केलेली टॅक्सी धूळ उडवत गावात शिरली. भटू उतरला. त्याच्या मागून लाल कोटातली पाच वर्षांची पोर. तानुबाईनं आठवडाभर मनात ठरवलं होतं की आधी मुराळ्याला पाणी द्यायचं, मग बोलायचं. ते तिच्यानं झालं नाही. ती धावत गेली आणि पोरीसमोर बसली.

"तापी! वळखं का माले?"

तापीनं होय म्हणून मान हलवली. पण बोलली नाही.

"भूक लागनी का? काय खाशी?"

तापी बापाच्या पायामागे गेली आणि त्याला इंग्रजीत काहीतरी कुजबुजली. तानुबाई हसली, सगळ्यांसमोर हसायला पाहिजे तेवढं हसली, आणि चुलीकडे गेली. चुलीपुढे बसून तिनं फुंकणी उचलली, पण फुंकर मारली नाही. उशीर झाला होता. साहेब चांगला निघाला, कायदा चांगला निघाला, आणि पोर गेली.

बाहेर मात्र आयाबायांना मुराळी सापडला होता. मुराळ्याची थट्टा ही रीतच; अमेरिकेचा असला म्हणून काय झालं. भटूला मीठ घातलेला चहा दिला, तो त्यानं सभ्यपणे पिऊन टाकला. त्याचे बूट कोणीतरी पळवले. ताईबाईनं तर उभ्या उभ्या गाणं बांधलं:

मुराळी आला बाई, आला इमानात बसून,
गाडीचे बैल कुठे, आला ढगाला पुसून.

"पाठवा आमचं माणूस," भटू रीतीप्रमाणे म्हणाला. अभिमननं त्याला मागच्याच फोनवर शिकवलं होतं.

"आम्ही नही धाडतस!" कमलबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "हाई आमनी अक्का शे. दीड वरीस कोठे जपेल होता? जाय माघारी!"

"नही धाडतस, नही धाडतस!" बायका एका सुरात ओरडल्या.

भटूनं काय बोलावं हे अभिमननं शिकवलं नव्हतं. तो खाली मान घालून मोज्यांकडे बघत बसला. तेवढ्यात लाल कोट पुढे आला. तापीनं कमलबाईसारखेच दोन्ही हात कमरेवर ठेवले, तिच्या गळ्याची शीर फुगली.

"कसाले नही धाडतस?" ती ओरडली. "हाई मन्ही आजी शे! आम्ही कितला लांबथून उनूत! पप्पाना बूट कोठे शेतस? बठ्ठा चोर शेतस आठे!"

ताईबाई हसत हसत भिंतीला टेकली, आणि हशा असा उठला की गोठ्यातली म्हैस उभी राहिली.

तानुबाई दारात आली होती, हातात फुंकणी तशीच. "भटू," ती म्हणाली, "हाई इसरनी नही?"

"इसरस कशी?" भटू मान वर करून म्हणाला. "आमच्याशी इंग्रजी बोलते. पण बाहुल्यांना रोज याच भाषेत रागावते. त्यांनी ऐकलं नाही की तुझं नाव सांगते."

तापी अजून कमलबाईला बूट मागत होती आणि कमलबाई बूट कुठे आहेत ते खरंच सांगत नव्हती. ते तिसऱ्या दिवशी कडब्यात सापडले. तोवर कोणाला निघता आलं नाही.